घड्याळ घेऊन एकदा मैदानावर या : मुख्याध्यापकांना एक खुलं पत्र

राज्यातल्या माध्यमिक शाळांचे सन्माननीय मुख्याध्यापक सर आणि मॅडम,

स. न. वि. वि.

एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी २४ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतो. पोरांच्या भाषेत ‘पी.टी.चे सर’. पाहुणे आले की माईक लावणारा, परिपाठाला शिट्टी मारणारा, गेटवर उशिरा येणाऱ्यांना अडवणारा, स्कॉलरशिपच्या परीक्षेआधी बाक मोजणारा, सहलीच्या बसमध्ये डोकी मोजणारा. उरलेल्या वेळात खेळही घेतो. ही तक्रार नाही, ओळख पटावी म्हणून सांगितलं. तुमच्याही शाळेत माझ्यासारखा एक असेल, किंवा निवृत्त झाला असेल आणि त्याची जागा अजून भरली नसेल.

पत्र लिहायला कारण झाला माझा घोटा. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये ओल्या मैदानावर पाय मुरगळला. डॉक्टरांनी क्रेप बँडेज बांधलं आणि तीन आठवडे पायावर जोर द्यायचा नाही म्हणून बजावलं. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर होत्या, म्हणून रजा न टाकता शाळेत जात राहिलो आणि मैदानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा तास बसून बघत होतो.

हातात स्टॉपवॉच होतं. चाळा म्हणून आठवी ‘क’ मधला एक मुलगा निवडला. पट ६२. मुलगा असा, की दंगा करत नाही, बक्षीसही आणत नाही. असे शेकडो माझ्या हाताखालून गेले आणि त्यांची नावं मला आठवत नाहीत. तो चालला-पळाला की घड्याळ सुरू, थांबला की बंद.

तास ३५ मिनिटांचा. दुसऱ्या मजल्यावरून रांगेनं खाली उतरेपर्यंत पाच मिनिटं गेली. हजेरी झाली, बूट कुणी घातले नाहीत ते बघून झालं, सावधान-विश्राम झालं, हातापायांचे चार प्रकार झाले. मग दोन कॅप्टन पुढे आले आणि गडी वाटून घेऊ लागले. आपला मुलगा शेवटून दुसरा उरला. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, सवय झालेली असणार. मग क्रिकेट. बॅट एक, चेंडू एक. त्याला उभं केलं पाण्याच्या नळाजवळ. एकदा चेंडू त्याच्या बाजूला आला, तो धावला, तेवढ्यात कॅप्टन ‘सोड, सोड’ ओरडत मधूनच आला आणि चेंडू उचलून गेला. पुढे त्यानं नळाची तोटी दोनदा उघडून बंद केली. शिट्टी झाली. घड्याळात ३ मिनिटं ५० सेकंद.

दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा धरला : पाच मिनिटं. तिसऱ्या दिवशी एक मुलगी : दोन मिनिटं दहा सेकंद, कारण ती ‘सर, बरं नाहीये’ म्हणून मैत्रिणीबरोबर पारावर बसली होती. आणि ‘बरं नाहीये’ म्हणजे नेमकं काय, हे मी आजवर कुठल्याच मुलीला विचारलं नव्हतं. बस म्हणायचो, संपलं.

मी स्वतःला बरा शिक्षक समजत होतो. तुमच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात कबड्डीच्या सात ढाली आहेत ना, तशा आमच्याही आहेत, आणि त्यातल्या पाच माझ्या काळातल्या आहेत. पण ढाल आणतात बारा पोरं. बाकीच्यांचं मी काय करत होतो, ते त्या आठवड्यात घड्याळानं मला दाखवलं.

आता खरी गंमत सांगतो. नळाजवळच्या त्या पहिल्या मुलाला मी मधल्या सुट्टीतही मोजला. सुट्टी २० मिनिटांची. डबा त्यानं पाच मिनिटांत उरकला आणि मागच्या जिन्यापाशी सात-आठ पोरांबरोबर साखळी खेळायला लागला. घड्याळात ११ मिनिटं पळणं. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. शिट्टी नाही, सर नाही, साहित्य नाही, फक्की मारलेलं मैदान नाही.

‘हल्लीच्या मुलांना खेळायलाच नको असतं, मोबाईल पाहिजे’, हे वाक्य मी शिक्षकखोलीत शेकडो वेळा ऐकलंय, स्वतः म्हटलंय. त्या दिवसापासून बंद केलं. मुलाला खेळायचं होतं. माझ्या तासाला त्याला खेळायला मिळत नव्हतं.

गल्लीतल्या खेळात एक शब्द आहे, तुम्हीही लहानपणी वापरला असेल : लिंबूटिंबू. बारका आहे, पळता येत नाही, तरी त्याला हाकलायचं नाही. त्याच्यावर राज्य येणार नाही, तो बाद होणार नाही, पण तो आमच्यात आहे. हा नियम कुठल्या समितीनं केला नाही, पोरांनी केला. आणि आम्ही पदव्या घेतलेली माणसं तासाला नेमकं उलट करतो : जो कच्चा, तो आधी बाद, आणि जो बाद, तो बाहेर. संगीत खुर्ची आठवा. पहिल्या फेरीत बाद झालेलं पोर सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवत बसतं. ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी मिळते, आणि याला आम्ही शारीरिक शिक्षण म्हणतो.

आपल्याच खेळांत याला उत्तर आहे. कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा जात नाही. आपल्या चढाईपटूनं समोरचा एक टिपला की आपला एक आत येतो. विषामृतात विष लागलेल्याला सोबती अमृत देऊन सोडवतो. साखळीत धरला गेलेला साखळीतच सामील होतो, पळणं थांबतच नाही. हे खेळ अंगण लहान आणि पोरं जास्त अशा जागी तयार झाले, म्हणून त्यांत कुणाला बसवून ठेवायची सोयच नाही. क्रिकेटचं तसं नाही. मी स्वतः रविवारी क्रिकेट खेळतो, म्हणून राग मानू नका, पण ६२ मुलं आणि ३५ मिनिटं यांच्यासाठी त्याच्याइतका निरुपयोगी खेळ दुसरा नाही. एक टाकतो, एक मारतो, बाकीचे नळाजवळ.

आणि पूर्ण नियमांनिशी घेतला तर खो-खोसुद्धा फारसा वेगळा नाही. आठ जण चौकोनात बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे. बारा झाले. उरलेले पन्नास काय करतात?

घोटा बरा झाल्यावर मी फक्कीनं मैदानाचे सहा तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात दहा-अकरा मुलं. गट हजेरी क्रमांकानं, दर महिन्याला बदलायचे. गडी वाटून घेणं बंद. खो-खोला आठऐवजी चौघं बसवायची, खुंटाच्या जागी दप्तरं ठेवायची, अशा दोन ओळी. बाजूला लगोरी, फरशीचे तुकडे आणि आठवीच्या मुलींनी शिवून दिलेला चिंध्यांचा चेंडू. एका तुकड्यात रिंग, एकात दोरीच्या उड्या, एकात लंगडी. दर सात मिनिटांनी शिट्टी आणि तुकडा बदलायचा. बाद झालेला समोरच्या बाजूनं खेळणार. खर्च विचाराल तर दोऱ्या, रिंगा आणि फक्की.

पहिले तीन आठवडे निव्वळ बाजार होता. शिट्टी कुणाला ऐकू जाईना. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी आवाजाबद्दल चिठ्ठी पाठवली, आणि त्यांचं बरोबर होतं. संघातली पोरं रुसली, ‘सर, हे बारक्यांचे खेळ आहेत.’ एक पालक येऊन म्हणाले, माझ्या मुलाची प्रॅक्टिस बुडवता. त्या वर्षी कबड्डीत आम्ही तालुक्यालाच हरलो. पुढच्या वर्षी जिल्ह्यापर्यंत गेलो. दोन्हींचा या प्रयोगाशी काही संबंध असेल असं मला वाटत नाही. संघाचा सराव मी शाळा सुटल्यावर घेतो. तो तिथेच असायला हवा होता.

दिवाळीनंतर पुन्हा घड्याळ लावलं. नळाजवळचा मुलगा : १७ मिनिटं. फार मोठी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. त्याच संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतची जगभरची आकडेवारी तपासली, तेव्हा ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं एवढीही हालचाल करत नव्हती; मुलींमध्ये ८५ टक्के. आठवड्यातल्या दोन तासांनी हे भरून निघणार नाही, मलाही कळतं. पण चार मिनिटांचे सतरा झाले, आणि त्यासाठी कुठला निधी आला नव्हता.

मुलींचा भाग मला एकट्याला जमला नसता. आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी सातवी ते नववीच्या मुलींकडून निनावी चिठ्ठ्या लिहून घेतल्या : खेळाच्या तासाला का बसता? मला वाटलं होतं, ऊन, काळं पडण्याची भीती, कंटाळा असं काहीतरी येईल. तेही आलं. पण सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांत दोन गोष्टी होत्या. एक, वरच्या गॅलरीत मुलं उभी राहून हसतात. दुसरी, पांढरा गणवेश. खेळाच्या दिवशी आपल्याकडे पांढरा ड्रेस असतो, बूटही पांढरे. पाळी चालू असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला आपण पांढरी पँट घालून उड्या मारायला सांगतो आणि ती पारावर बसली की म्हणतो, मुलींना आवड नाही. २२ वर्षं मी हे बघत होतो आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या घरात दोन मुली आहेत, तरीही.

पांढऱ्याच्या जागी गडद निळी ट्रॅकपँट आणायला आम्हाला दोन पालकसभा आणि शाळा समितीची एक बैठक लागली. ‘पांढऱ्यात शिस्त दिसते’ असा मुद्दा निघाला. असेल. गॅलरीचं दार त्या तासाला बंद ठेवायला मात्र एक कुलूप पुरलं. पारावर अजूनही दोघी-तिघी बसतात. कुणाला खरंच बरं नसतं, तिनं बसावंच.

त्याच चिठ्ठ्यांत नाचाची मागणी होती. मी जुन्या वळणाचा, मला ते पटेना. मग लेझीम आठवलं. आपल्या शाळांत लेझीम कधी बाहेर निघतं? २६ जानेवारीच्या आधी तीन आठवडे. चार आवाज, एक जागा, पवित्रा, तेच प्रकार घोटून घ्यायचे, पाहुण्यांसमोर पाच मिनिटं करायचे आणि लेझमी परत पोत्यात. खरं म्हणजे दहा मिनिटं सलग लेझीम खेळून बघा, जिन्याचे तीन मजले चढल्यासारखा दम लागतो. मी पोतं जुलैत सोडलं. दहा-दहा जणींचे गट, प्रत्येक गटानं दोन मिनिटांचं स्वतःचं बसवायचं. हलगी वाजवा नाहीतर मोबाईलवर गाणं लावा. नववीच्या एका गटानं असलं काही बसवलं, की मी शिट्टी तोंडात धरून नुसता बघत राहिलो. गाणं मला आवडलं नव्हतं, पण ते माझ्यासाठी लावलंही नव्हतं.

अजून एक. ‘खेलो इंडिया’च्या चाचण्या आपण घेतो : ६०० मीटर, ५० मीटर, बसून पुढे वाकणं, जोर, उंची, वजन. दोन दिवसांत उरकायचं, माहिती भरायची, सुटलो. मुलाच्या हाती काहीच पडत नाही. वजनाला मात्र रांग लागते आणि शेवटचा आकडा कुणीतरी मोठ्यानं वाचतं. वर्षभर त्या मुलाचं नाव तोच आकडा होतो. आता आमच्याकडे वजन आडोशाला होतं आणि प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा तोच आपले आकडे लिहितो, जुलैत एकदा, जानेवारीत एकदा. ६०० मीटर पाच मिनिटांत पळत-चालत गेलेली मुलगी जानेवारीत चार मिनिटं वीस सेकंदांत आली, तेव्हा तिनं ते पान तीन वर्गांत फिरवलं. प्रगतिपत्रकावर याआधी तिला मी ‘अ’च देत होतो. सगळ्यांनाच देत होतो, एका संध्याकाळी, चहा पिता पिता. तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं एक पी.टी.चा सर करू शकतो. जे तो करू शकत नाही, त्यासाठी हे पत्र तुम्हाला आहे.

१९ जानेवारी २०२५, रविवार. दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतानं पुरुष आणि महिला दोन्ही गटांत नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. सोमवारी आमच्या परिपाठात टाळ्या झाल्या, ‘आपल्या मातीतला खेळ’ असं भाषण झालं. त्याच सोमवारी आठवी ‘क’ चा पाचवा तास, म्हणजे माझा, गणिताच्या जादा तासाला गेला. पोर्शन राहिला होता. दिवाळीनंतर असे किती तास जातात, ते प्रत्येक शाळेच्या हजेरीवहीत आहे. गणिताच्या सरांवर माझा राग नाही, त्यांच्या डोक्यावर निकाल आहे. पण ‘तुमचा तास द्या’ म्हटल्यावर नाही म्हणायचा अधिकार मला नाही, तो तुम्हाला आहे. एकदा म्हणून बघा.

वेळापत्रक बनवताना दोन सुटे तास देण्याऐवजी एक जोडतास द्या. मजल्यावरून उतरणं-चढणं एकदाच होतं, खेळायला सरळ ५५ मिनिटं मिळतात. आणि तो जेवल्या जेवल्या साडेबाराच्या उन्हात नको. चित्रकलेला, प्रयोगाला जोडतास मिळतो, कारण रंग वाळायला वेळ लागतो. मुलांनाही तापायला लागतो.

गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला चार राऊंड, ही शिक्षा बंद करा. मीही दिली आहे, उठाबशाही काढायला लावल्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला बंदी आहेच, पण कायदा बाजूला ठेवा. पळणं ही चुकीची भरपाई आहे असं दहा वर्षं शिकवल्यावर तो मुलगा चाळिशीत डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सकाळी पळायला जाईल का? याच शिक्षेची दुसरी बाजू, दंगा केला म्हणून अख्ख्या वर्गाचा खेळाचा तास काढून घेणं. दंगा करतात ती पोरं बहुतेक वेळा ज्यांना तो तास सगळ्यात जास्त हवा असतो तीच.

शाळेला मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं, हे २००९ च्या त्याच कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूसही. कागदावर आहे. ज्या शाळांत माझ्यासारखा कुणीच नाही, तिथल्या मुख्याध्यापकांनी हे पान वरिष्ठांना पत्र लिहिताना सोबत जोडावं, एवढंच म्हणतो. तोवर त्या शाळेत मराठीच्या बाई साखळी घेऊ शकतात. साखळीला पदवी लागत नाही.

आणि त्या ढाली. वार्षिक अहवालात ‘क्रीडा विभाग’ म्हणून तुम्ही माझ्याकडून स्पर्धांची यादी मागता. मी देतो, पुढेही देईन, त्या बारा पोरांनी घाम गाळलेला असतो. या वर्षी यादीखाली एक ओळ वाढवायची परवानगी द्या : शाळेचा पट ११००, पैकी आठवड्यात दोनदा घामेजून वर्गात गेलेली मुलं अमुक. आकडा लाजिरवाणा असेल. असू दे, पहिल्या वर्षी तो तसाच असणार.

तुम्ही तास बघायला येता तेव्हा मैदानाच्या कडेला उभे राहता, मी पोरांना ‘एक साथ’ म्हणतो, ती नमस्ते म्हणतात, तुम्ही शेरा लिहिता ‘शिस्त चांगली’. पुढच्या वेळी तसं नको. न सांगता या, पायरीवर बसा. नाव आठवत नाही असा एक मुलगा किंवा मुलगी निवडा आणि घंटेपासून घंटेपर्यंत फक्त तिच्याकडे बघा.

आमच्याकडे आठवी ‘क’ चा तास अजूनही सोमवारी पाचवाच आहे. खुर्ची पायरीवर असते. घड्याळ मी देतो.

आपला नम्र,
एक पी.टी.चा सर